आईचा गुलाब आणि मावशीची कात्री

"सफरचंद गुलाबाचं कोण लागतं, सांग बघू?"

हा प्रश्न मावशीने मला पहिल्यांदा विचारला तेव्हा मी गोवर येऊन अंथरुणावर पडले होते. अंगाची लाही लाही होत होती. अशा वेळी माणसाला कपाळावर ओल्या घडीची गरज असते, कोड्याची नाही. घडी तिने ठेवली होतीच म्हणा. पण घडी ठेवून गप्प बसेल ती मावशी कसली! तिने सफरचंद आडवं कापलं, मधली पाच कप्प्यांची चांदणी माझ्या नाकासमोर धरली आणि म्हणाली, "हे बघ, पाच. रानगुलाबाला पाकळ्या किती? पाच. आता बोल." मी काय बोलणार, कपाळ! मी सफरचंद खाल्लं आणि झोपले.

मावशी म्हणजे माझ्या आईची बहीण नव्हे, हे आधीच सांगून टाकते. मी पहिलीत असताना आई गेली. पुढे बाबांनी दुसरं लग्न केलं आणि ही घरात आली. हिला आई म्हणायला मी साफ नकार दिला. काकू म्हण, असं बाबांनी सुचवलं तर हीच उसळली. "काकू कशी? पोरीला काका कुठंय? अहो, उगाच चुकीची पाटी लावू नका मला." शेवटी मावशीवर तह झाला. मावशी कुणालाही म्हणता येतं, त्यात कुणाचं काही जात नाही.

पाटीचं ते बोलणं तिच्या कामातलं. आमच्या शहराच्या कडेला मोठी वनस्पतीबाग आहे, तिथे ती लग्नाच्या आधीपासून कामाला. त्या बागेत झाडं उंचीप्रमाणे किंवा रंगाप्रमाणे लावलेली नाहीत, कुळाप्रमाणे लावली आहेत. एका कुळाला एक वाफा. मावशीकडे होतं गुलाबाचं कुळ. म्हणजे नुसते गुलाब नव्हेत हो. सफरचंद, नाशपाती, पीच, आलुबुखार, जर्दाळू, चेरी, बदाम, स्ट्रॉबेरी, रासबेरी, ही सगळी मंडळी त्याच एका कुळातली. लग्नघरात कोण कुणाचं कोण लागतं हे जसं एखाद्याच आत्याबाईला ठाऊक असतं, तसं त्या वाफ्यातलं सगळं मावशीला ठाऊक. आणि जे ठाऊक नाही, ते कळेपर्यंत तिला चैन पडायचं नाही. भाजी निवडतानाही तिचा एक हात निवडायचा आणि दुसरा देठ उलटा करून बघायचा.

पण तिचं मुख्य काम डोळे भरण्याचं. ते काय असतं ते सांगते, कारण पुढे ते लागणार आहे. चांगल्या फुलांचे गुलाब स्वतःच्या मुळांवर फारसा जोम धरत नाहीत. म्हणून रानटी गुलाबाचं दणकट रोप घेतात, त्याला म्हणतात खुंट. खुंटाच्या सालीत चाकूने चीर द्यायची, चांगल्या गुलाबाच्या काडीवरचा एक डोळा, म्हणजे पानाच्या बगलेतला कोंब, सालीसकट अलगद काढून त्या चिरेत बसवायचा आणि वरून पट्टी बांधायची. डोळ्याने जीव धरला की वरचा खुंट छाटून टाकायचा. पुढे फुलं येतात ती डोळ्याची, आणि खाली राबतात ती खुंटाची मुळं. आता खुंटही काही मुकाट राहत नाही. तो मातीतून आपले फुटवे वर काढत राहतो. ते कापले नाहीत तर रानटी झुडूप माजतं आणि चांगला गुलाब उपाशी मरतो. म्हणून गुलाबवाल्यांचा पहिला धडा हा, की बुंध्याला फुटेल ते ठेव, मातीतून येईल ते काप. मावशीच्या कमरेला छाटणीची कात्री कायम खोचलेली. भाजी आणायला जातानाही असायची.

अशा रोपाच्या पाटीवर दोन नावं लिहायची, वर गुलाबाचं आणि खाली खुंटाचं. गिऱ्हाईक वरचंच वाचतं. "खुंटाला कोण विचारतंय!" असं मावशी म्हणायची. कुरकुर म्हणून नव्हे, हसत.

आमच्या घराच्या मागच्या अंगणात, भिंतीला लागून, आईने लावलेला एक गुलाब होता. पांढरा. लिंबाएवढी फुलं, पण पाकळ्या अशा गच्च की बोट आत जायचं नाही. अंगाला काटे. आईने तो कुठून आणला ते कुणालाच माहीत नव्हतं. मावशी घरात आली त्या दिवशी मी त्याच्यापुढे दोन्ही हात पसरून उभी राहिले आणि ठणकावून सांगितलं, "याला हात लावायचा नाही. हा माझ्या आईचा आहे."

मावशीने बॅग खाली ठेवली. उकिडवी बसली. आधी रोपाकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"हात नाही लावला तर हा तुझ्या केसांसारखा होईल," ती म्हणाली. "बघ किती पिंजारलाय. अगं, माझं कामच आहे हे. मी याला मरू देणार नाही. तू मोठी झालीस, स्वतःच्या घरी राहायला लागलीस, की याचंच रोप करून तुझ्या हातात देईन. मग तर झालं?"

मी विचार केला आणि हात खाली घेतले. आमच्या दोघींचं पहिलं बोलणं ते.

आणि खरंच तिने त्या झुडपाचं सोनं केलं. आईच्या वेळी ते अंगणभर पसरलेलं असायचं, बाबा म्हणायचे, भिंत दिसायची नाही, वाळत घातलेले कपडे काट्यांतून सोडवून आणावे लागायचे. मावशीने वर्षभरात त्याला शिस्त लावली. मातीतून कोंब आला रे आला की कच्! मधला बुंधा तेवढा राखला, खत घातलं, भोवती आळं केलं. शेजारणी बघायला यायच्या आणि म्हणायच्या, किती आटोपशीर ठेवलाय हो. मीसुद्धा मनातल्या मनात कबूल करून टाकलं की बाईच्या हाताला गुण आहे. तोंडाने अर्थात नाही. मी तशी सहजासहजी कौतुक करणाऱ्यातली नाही, आमच्या दुकानात विचारा कुणालाही. औषधाच्या दुकानात काउंटरवर उभं राहून माझी जीभ आणखीच कडू झाली आहे.

मी माझं घर थाटलं, शहराच्या दुसऱ्या टोकाला, वरच्या मजल्यावर, बरी गॅलरी असलेलं. मावशीने पहिल्याच आठवड्यात एक मोठी मातीची कुंडी आणून गॅलरीत ठेवली. "रोप मागाहून आणते," म्हणाली. रोप काही आलं नाही. कुंडी मोकळी किती दिवस ठेवणार? मी तिच्यात कांदे भरले.

रोप आलं नाही, कारण रोप होतच नव्हतं. मावशीने त्या गुलाबाचा डोळा काढून बागेतल्या चांगल्यात चांगल्या खुंटावर भरला. काळा पडला. पुढच्या वर्षी वेगळा खुंट, वेगळा हंगाम. काळा. काड्या तोडून वाळूत रोवल्या, त्या कुजल्या. बागेत या बाईने भरलेला डोळा वाया गेला तर बाकीचे कामगार खुंटालाच नावं ठेवायचे, असा तिचा लौकिक, आणि घरच्याच झाडापुढे तिने हात टेकले होते. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा. ती पट्टी सोडायची, काळा डोळा नखाने टोकरायची, वास घ्यायची आणि म्हणायची, "का? का लागत नाही? मला कारण सांग." हे ती झाडाला विचारायची.

आणि एकीकडे झाड खंगत चाललं. आधी बुंध्याच्या पाच-सहा काड्या होत्या, मग तीन राहिल्या, मग दोन. मावशीची निवृत्ती जवळ आली त्या वर्षी एकच धड काडी उरली होती.

"तुझी आई मला रोप देत नाही बघ," एकदा ती म्हणाली. हसत म्हणाली, पण हसू काही डोळ्यांपर्यंत गेलं नाही. "सांभाळायला दिलं, वाढवायला नाही दिलं."

"काहीतरीच बडबडू नकोस," मी खेकसले. दुसरं काय करणार? मला फार वाईट वाटलं की मी खेकसते. घरात सगळ्यांना माहीत आहे.

त्याच सुमारास बागेत नव्या बाई आल्या, वनस्पतींचा अभ्यास केलेल्या. गळ्यात दोरीला भिंग अडकवलेलं, म्हणून मावशीच्या बोलण्यात त्या भिंगवाल्या बाई. बाईंनी आल्या आल्या जाहीर केलं की गुलाबाच्या कुळाचा वाफा नव्याने मांडायचा. आजवर तिथे चार पोटकुळं होती, आता तीन करायची.

मावशी दोन दिवस तणतणत होती. ती चार पोटकुळं तिने वर्षानुवर्षं खुरपली होती. मांडणी सगळी फळावरून. सफरचंद, नाशपातीसारखी आत बियांचे कप्पे असलेली एकीकडे. पीच, चेरी, बदाम अशी एका कठीण कोयीची दुसरीकडे. तिसरीकडे गुलाब, स्ट्रॉबेरी, रासबेरी, ज्यांची एका फुलातून पुष्कळ बारीक बारीक फळं होतात ती. चौथीकडे नुसत्या वाळक्या शेंगुळ्या धरणारी फुलझुडपं. कुणालाही समजावं असं. आणि आता बाई म्हणतात, सफरचंद, आलुबुखार आणि त्या शेंगुळ्यावाल्या, सगळे एका घरात!

तिसऱ्या दिवशी ती सरळ बाईंच्या टेबलापुढे जाऊन उभी राहिली. पुढचं बोलणं तिने मला इतक्या वेळा ऐकवलंय की मी तिथेच होते असं मला वाटतं.

"बाई, सफरचंदाचं कलम आलुबुखारावर लागत नाही. मग एका घरात कशी?"

"लागत नाही हे कुणी सांगितलं?"

"मी करून बघितलंय."

"करून बघितलंत? कशासाठी?"

"बघायचं होतं म्हणून."

बाईंनी खुर्ची पुढे सरकवली. "बसा. आणखी काय काय करून बघितलंत?"

मग दोघींची जी जुंपली, ती भांडणाची नव्हे, दोन शाळकरी मुली खिशातल्या गोट्या दाखवतात तशी. मावशीने सांगितलं की नाशपाती लोकाटाच्या फळझाडावर धरते की नाही हे तिने कसं बघितलं, पीच बदामावर कसा आनंदाने नांदतो, सफरचंद नाशपातीवर आधी कसं हुरळतं आणि मग कसं रुसून बसतं. बाईंनी सांगितलं की आता झाडाच्या पेशीतला मजकूरच वाचता येतो, आणि तो शेजारी शेजारी ठेवून ताडला तर फळावरून ठरवलेली नाती पुष्कळदा फसवी निघतात. सफरचंद आणि आलुबुखार यांचं नातं गुलाबापेक्षा जवळचं. शिवाय काही डोंगरी झुडपं या दोन्ही घरांत बसत नाहीत, त्यांच्या मुळांना कडधान्याच्या मुळांसारख्या गाठी असतात, त्यांचं तिसरं बिऱ्हाड.

"कलम लागणं निराळं, मावशी," बाई म्हणाल्या, "आणि नातं निराळं. नातं असूनही कलम न लागणारे पुष्कळ असतात."

"म्हणजे नात्यातले आहेत, पण जमत नाही?"

"अगदी तसंच."

"मग कळलं," मावशी म्हणाली. "तसले आमच्याकडे पैशाला पासरी आहेत."

ती निघाली, दारापर्यंत गेली आणि मागे वळली. "पण बाई, गुलाबावर गुलाब तरी लागतो ना?"

"गुलाबावर गुलाब लागतोच की सहसा. का हो?"

मावशी दारातून परत टेबलापाशी आली. बाईंनी मग आपण होऊन सांगितलं की नवी मांडणी असली तरी अनोळखी झाड पुढ्यात आलं की अजूनही पहिला प्रश्न तोच, तुझं फळ दाखव. मावशीने विचारलं, फळच धरत नसेल तर? बाई म्हणाल्या, गच्च पाकळ्यांच्या फुलांचं तसंच होतं, आतल्या केसरांच्याच पाकळ्या होऊन बसतात, मग फळ कुठून धरणार? अशा वेळी फळ जिथे बसलं असतं ती जागा बघायची. फूल उभं चिरायचं.

त्या रविवारी मी मावशी-बाबांकडे गेले होते. स्वयंपाकघरातल्या टेबलावर पोळपाट उलटा घातलेला, त्यावर दोन फुलं. एक बागेतला पांढरा गुलाब, दुसरं आईच्या झाडाचं. त्या शेवटच्या काडीवर चारच फुलं आली होती, त्यातलं एक. मावशी कलमाचा चाकू हातात धरून माझी वाट बघत थांबली होती.

"तुझ्या आईचं आहे," ती म्हणाली. "तू असल्याशिवाय चिरणार नाही."

बाबा समोर वर्तमानपत्र धरून बसले होते. बाबा आयुष्यभर छापखान्यात खिळे जुळवायचे. यंत्रांच्या आवाजाने कान गेले, पण छापलेल्यातली चूक अजूनही नजरेतून सुटत नाही.

मावशीने आधी बागेतला गुलाब उभा चिरला. पाकळ्यांच्या खाली देठाला जो हिरवा फुगीर भाग असतो ना, तो आतून पोकळ निघाला. इवलंसं मडकं, तोंड अरुंद, आत केसाळ बिया. "हे गुलाबाचं मडकं," मावशी म्हणाली. "कुठलाही गुलाब घे, रानटी घे, राजवाड्यातला घे, फुलाखाली मडकं असतंच. गुलाबाचं फळ ते हेच."

मग तिने आईचं फूल घेतलं. चाकू फिरवला. दोन्ही फाकी उताण्या ठेवल्या.

मडकं नव्हतं. देठ सरळ फुलाला भिडला होता, आणि पाकळ्यांच्या मधोमध एक हिरवा उंचवटा होता, दाणेदार, कच्च्या तुतीसारखा.

मावशीने फाक उचलून डोळ्यांजवळ नेली. मग दुसरी. मग दुसरं फूल आणायला ती उठली, आणि परत बसली, कारण झाडावर तीनच उरली होती.

"अगं बाई," ती म्हणाली. "हा गुलाबच नाहीये."

"म्हणजे?" मी विचारलं.

"मडकं नाही. हे बसणं रासबेरीचं आहे. फुलाच्या पोटात हा असा कोन, त्यावर दाणे." तिचा आवाज चढला होता, डोळे लकलकत होते. गोवर आलेल्या पोरीला सफरचंद दाखवतानाचा तो चेहरा. "म्हणून डोळा लागत नव्हता! माझा हात नव्हता चुकत! आणि खुंटाचा दोष नव्हता! रासबेरीचा डोळा गुलाबावर कसा लागेल? अहो, ऐकलंत का, हा गुलाब नाहीये!"

"मला काय माहीत," बाबा म्हणाले, "गुलाबजाम कुणी खाल्ला ते." त्यांना अर्धंच ऐकू आलं होतं.

आम्ही दोघी पोट धरून हसलो. इतकी वर्षं गुलाबाच्या वाफ्यात घालवलेल्या बाईने आपल्याच अंगणातली रासबेरी ओळखली नव्हती, आणि तिला त्याची लाज वाटण्याऐवजी मजा वाटत होती. कोडं सुटलं की ती अशीच खुलते. तो दिवस मला फार आवडला होता. पुढे काय होणार ते आम्हाला कुठे ठाऊक होतं.

भिंगवाल्या बाईंनी फूल बघितलं आणि त्यांनाच राहवलं नाही, त्या झाड बघायला घरी आल्या. वाकून पानं उलटी केली, काटे बघितले, भिंग लावलं. मावशीचं म्हणणं अगदी बरोबर होतं. रासबेरीचीच भावकी, पण फुलासाठी वाढवतात ती. पुष्कळ जण तिला गुलाबच समजतात. "मीही लांबून बघून गुलाबच म्हटलं असतं," बाई मोकळेपणाने म्हणाल्या. मग त्यांनी त्या एकुलत्या एक काडीकडे बघितलं, सारवल्यासारख्या स्वच्छ आळ्याकडे बघितलं, आणि त्यांच्या कपाळाला आठी पडली.

"पण इतकं जुनं झाड, आणि एकच बुंधा? यांच्या काड्या दोन-तीन वर्षांच्या वर जगत नाहीत. मुळं जमिनीखालून लांब जातात आणि मातीतून नवे फुटवे काढतात, बुंध्याच्या कोंबांवर काही वर्षं तग धरेल, पण झाड पुढे चालतं ते त्या फुटव्यांवर. तुमच्याकडे फुटवे कसे येत नाहीत?"

मावशीचा हात कमरेच्या कात्रीवर होता. सवयीने. तो तिथेच राहिला.

"येतात," ती म्हणाली. "मी कापते."

बाईंनी हातातलं भिंग खाली सोडलं. मी मावशीकडे बघायचं टाळलं. आदल्याच आठवड्यात तिने या वर्षीचे फुटवे मुळापासून काढले होते, ते मी स्वतः कचऱ्यात टाकले होते.

बाई गेल्यावर मावशी मागच्या पायरीवर बसली. कात्री मांडीवर. मग म्हणाली, "तुझ्या आईला इतकी वर्षं मीच कापत होते गं." आणि रडायला लागली. मावशीला रडताना मी तोवर कधी बघितलं नव्हतं. तिला रडता येतं हेच मला माहीत नव्हतं.

मला राग आला. कुणावर ते कळेना. झाडावर, बाईंवर, त्या मेल्या कात्रीवर. चांगलं काहीतरी बोलावंसं वाटत होतं आणि तोंडावर येत होत्या त्या शिव्या. बोलले ते बाबा. सगळं मोठ्याने दोनदा सांगितल्यावर त्यांच्या ध्यानात आलं.

"एखादा खिळा चुकीच्या खणात पडला," बाबा म्हणाले, "की दर वेळी हाताला चुकीचाच येतो. त्यात बोटांचा काय दोष? टाकला कुणी तो त्या खणात? हिच्या आईने. गुलाब आणलाय म्हणून मला नाचत नाचत दाखवला होता तिने. तू आपली तिचं ऐकून वागलीस."

मावशीने पदराने तोंड पुसलं. "ती काही करत नव्हती, म्हणून अंगणभर होता," ती म्हणाली. "मला सगळं येत होतं ना, म्हणून मेला."

तेवढ्यावर संपलं नाही. आठवड्याभरात ती शेवटची काडीही शेंड्याकडून वाळत खाली आली. पानं झडली. आळ्यात एक खडखडीत थोटूक उरलं. बाईंनी सांगितलं होतं, मुळं जिवंत असतील, वाट बघा. मावशीने कात्री माझ्या पिशवीत घातली. "घेऊन जा घरी. माझा हात आपोआप जातो. झोपेतसुद्धा जाईल." मी ती कात्री घरी नेऊन औषधांच्या डब्यात ठेवली. मावशी निवृत्त झाली. नव्या वाफ्याची मांडणी पूर्ण करून मगच झाली, तीन पोटकुळं, पाट्या नव्या. पण घरी अंगणात जायची ती फक्त पाणी घालायला. मातीकडे बघायची आणि आत यायची. मला रोज दुकानात फोन. "काही नाही आलं." एवढंच बोलून ठेवायची. मी गिऱ्हाइकांवर डाफरायची. माझ्या आईचं त्या घरात दुसरं काही उरलं नव्हतं, आणि ते आपल्या हातून गेलं असं मावशीने आयुष्यभर म्हणत राहावं, हे मला सहन होत नव्हतं.

एके सकाळी फोन आला तो बाबांचा. बाबा फोन करत नाहीत, पलीकडचं त्यांना ऐकू येत नाही. "ये," ते ओरडले, आणि फोन ठेवला.

सुट्टी सांगितली आणि धावत गेले. मागच्या दारात मावशी उभी होती. दाराबाहेर पायच टाकत नव्हती.

"बघून पाय ठेव," ती म्हणाली.

आळ्यात काही नव्हतं. भिंतीपाशी काही नव्हतं. पण स्वयंपाकघराच्या दाराशी, फरशीच्या फटीतून, तांबूस हिरवा कोंब वर आला होता. दुसरा कपडे वाळत घालायच्या खांबाशी. तिसरा पायवाटेच्या ऐन मधोमध, त्याच्या शेजारी मावशीने काठी रोवून वर लाल चिंधी बांधली होती. बाबा बादली घेऊन त्या चिंधीला वळसा घालून गेले, दिवाळं निघालेल्या दुकानदारासारखं तोंड करून, कारण त्यांना आता न्हाणीघरापर्यंत लांबून जावं लागत होतं.

"कापलं नाही, तर कुठवर आलीये बघ," मावशी म्हणाली. "दारात आलीये."

पायवाटेतला फुटवा चांगला वीतभर झाल्यावर मावशीने तो मुळाच्या तुकड्यासकट उचलला आणि स्वतः घेऊन आली, मांडीवर धरून, सगळ्या प्रवासात. भिंगवाल्या बाईंनीही एक मागून ठेवला होता, पण त्यांना तिने सांगितलं, आधी हिचा. मी कुंडीतले कांदे काढले. तिने माती भरली, रोप लावलं, चारी बाजूंनी दाबलं. मग पिशवीतून लाकडी पट्टी आणि पेन्सिल काढली. पाटी लावल्याशिवाय तिच्या हातून रोप बाहेर पडत नाही.

तिने वर माझ्या आईचं नाव लिहिलं. झाडाचं नव्हे, आईचं. आणि पेन्सिल खाली ठेवली.

"खाली तुझं लिही," मी म्हणाले.

"खाली खुंटाचं लिहितात. हिला खुंट नाही. ही स्वतःच्या मुळावर उभी आहे."

"हिला नसेल लागत खुंट," मी म्हणाले. "मला लागला."

मावशी माझ्याकडे बघत राहिली. मग मातीचे हात झटकत उठली. "फाजीलपणा पुरे. चुकीची पाटी मी लावत नाही."

तेव्हा मीच पेन्सिल घेतली आणि माझ्या गिचमिड अक्षरात, आईच्या नावाखाली, तिचं नाव लिहिलं. ती हात धुऊन आली, वाकून पाटी वाचली. बागेत कुणी एक अक्षर चुकवलं तरी पट्टी मोडून चुलीत घालणारी ही बाई. तिने बोटाने पट्टी मातीत जरा आणखी खोल दाबली आणि म्हणाली, "पाणी सकाळी घालत जा. आणि माझी कात्री कुठंय ते मला सांगू नकोस."